पाठमोरी आना मारिया : दालीच्या १९२५च्या चित्राची कॉपी करताना

साल्वादोर दाली म्हटलं की वितळणारी घड्याळं आठवतात. ते चित्र १९३१चं, आणि आकाराने जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून थोडंसं मोठं. त्याच्या सहा वर्षं आधी दालीने एक चित्र रंगवलं, त्यात काहीच वितळत नाही. एक मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून, आपल्याकडे पाठ करून समुद्र बघत उभी आहे. बस, एवढंच. चित्राचं नाव 'खिडकीतली मुलगी', साल १९२५, माप १०५ बाय ७४.५ सेंटिमीटर. कॅनव्हासऐवजी कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्यावर तैलरंग. आज ते माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे, जिथे पिकासोचं 'गेर्निका' आहे तिथेच.

मानवाकृती शिकणाऱ्याने एकाच चित्राची कॉपी करायची तर कोणती, असं मला विचारलं की मी हेच चित्र सांगतो. चेहरा नाही, त्यामुळे 'सारखं दिसतंय का' ही धाकधूक नाही. बोटं, नाक, डोळे यांत अडकायला होत नाही. राहतो तो शरीराचा तोल, कपड्याची चुणी, प्रकाश आणि निळा रंग. शिवाय हे चित्र मोजल्याशिवाय कळत नाही. नुसतं बघून 'किती शांत आहे' म्हणून माणूस पुढे जातो. पट्टी हातात घेतली की दालीने या शांततेत काय काय करून ठेवलंय ते उलगडायला लागतं.

कोण उभी आहे, ते आधी

ती दालीची धाकटी बहीण आना मारिया. चित्र झालं तेव्हा दाली २१ वर्षांचा, ती १७ची. दोघांची आई १९२१ साली गेली होती. घर स्पेनमधल्या फिगेरस गावात, आणि सुट्ट्यांचं घर कादाकेसला, अगदी समुद्राला लागून. ही खिडकी त्या घरातली. दाली तेव्हा माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत शिकत होता. १९२३ मध्ये त्याला तिथून वर्षभरासाठी काढलं होतं, १९२६ मध्ये कायमचं काढलं. वसतिगृहात कवी लोर्का आणि पुढे सिनेदिग्दर्शक झालेला बुन्युएल हे त्याचे दोस्त, आणि याच १९२५च्या ईस्टरला लोर्का कादाकेसच्या घरी राहूनही गेला होता.

त्या दोन-तीन वर्षांत दालीने बहिणीला पुन्हा पुन्हा बसवलं, उभं केलं, रंगवलं. बऱ्याचदा पाठमोरी. रेइना सोफियातच १९२५चं आणखी एक आहे, त्यात ती पाठ करून बसलेली आहे. नोव्हेंबर १९२५ मध्ये बार्सिलोनाच्या दालमाऊ गॅलरीत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं, त्यात ही खिडकीतली मुलगी होती. कॅटलॉगमध्ये त्याने फ्रेंच चित्रकार अँग्र याची वचनं छापली होती. त्यातल्या एकाचा आशय असा, की रेखाटन म्हणजे कलेची सचोटी. अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन यांना कलेत आणणाऱ्या चळवळीचा, पहिला जाहीरनामा पॅरिसमध्ये वर्षभर आधीच निघालेला होता, आणि हा मुलगा इकडे अँग्रचं बोट धरून रेखाटनाची सचोटी शिकत होता. कॉपी करताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर येतं.

मापाचा सुंदर योगायोग

आता कामाला लागू. ए मालिकेतल्या सगळ्या कागदांची उंची रुंदीच्या साधारण १.४१४ पट असते. दालीच्या चित्राचं हेच गुणोत्तर काढा: १०५ भागिले ७४.५, म्हणजे १.४१. जवळजवळ तेच. म्हणून या चित्रासाठी कागद कापावा लागत नाही. ए-थ्री कागद ४२ बाय २९.७ सेंटिमीटर. तो उभा धरला की मूळ चित्र बरोबर अडीच पट लहान झालेलं असतं. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे मूळ चित्रावरचे अडीच सेंटिमीटर.

याहून गंमत ए-सेव्हनची. साध्या ए-फोर कागदाला तीन वेळा अर्ध्यात घडी घाला. आठ छोटे आयत मिळतात, प्रत्येक १०.५ बाय ७.४ सेंटिमीटरचा. म्हणजे मूळ चित्राचा अगदी दहावा भाग. एक मिलिमीटरला एक सेंटिमीटर. या आठ आयतांचा उपयोग पुढे सांगतो. कागद आत्ताच दुमडून ठेवा.

आणखी एक गोष्ट करा, वेळ लागला तरी. घरातल्या मोकळ्या भिंतीवर मास्किंग टेपने १०५ बाय ७४.५चा उभा आयत चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. मोबाइलवर पाहिलेलं चित्र आपल्याला तळहाताएवढं वाटत असतं. भिंतीवरचा आयत बघितला की कळतं, खरी खिडकी एवढी असू शकते. आपण खिडकीसमोर उभे, आपल्यापुढे ती उभी, आणि तिच्यापुढे समुद्र. या चित्राचा अर्धा परिणाम या मापात आहे.

साहित्य

ए-थ्री मापाचा माउंटबोर्ड, त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. बोर्ड ओला झाला की वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्या आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा. रंग ॲक्रिलिक घ्यावेत असं माझं मत. तैलरंग येत असतील तर उत्तमच, पण नवख्याला या चित्रात निळ्यावर निळा चढवायचा आहे, आणि ॲक्रिलिकमध्ये खालचा थर उठून येत नाही. पोस्टर कलरमध्ये तो उठतो, आणि तीन थरांनंतर सगळं मळकट होतं.

रंग सहा पुरेत: पांढरा, अल्ट्रामरीन, सेरुलियन, थोडासा प्रशियन, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. काळा घेऊ नका. दालीने नेमकी कोणती रंगद्रव्यं वापरली त्याची ही यादी नाही. हातात आल्यावर त्या रंगछटांपर्यंत पोहोचवणारा हा संच आहे. चपटे ब्रश दोन, गोल एक, बारीक एक. २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, पट्टी, आणि दोऱ्याला बांधलेला एखादा नट. ओळंबा लागणार आहे.

संदर्भासाठी चित्र संग्रहालयाच्या वेबसाइटवरूनच घ्या. इंटरनेटवर या चित्राच्या शेकडो प्रती फिरतात, कुठे निळा हिरवट झालेला, कुठे कडा कापलेल्या. कडा कापलेली प्रत घेतली तर वरचं गुणोत्तर जुळणार नाही, हीच तिची परीक्षा. एक प्रत रंगीत आणि एक कृष्णधवल करून शेजारी ठेवा.

पेन्सिल उचलण्याआधी वीस मिनिटं

घड्याळ लावा आणि नुसतं बघा. पाच मिनिटांनी कंटाळा येतो, दहाव्या मिनिटाला चित्र उघडतं. मुलीवरून नजर मुद्दाम काढा. पडदे बघा. कट्ट्यावर टाकलेलं कापड बघा. समुद्रात एक छोटं शिडाचं होडकं आहे, ते शोधा. पलीकडचा किनारा, टेकड्या, आणि आत शिरलेलं शांत पाणी. मग स्वतःला विचारा: मी काय बघतोय, तिला की ती जे बघतेय ते? पाठमोऱ्या आकृतीची किमया हीच. समोरून रंगवलेलं माणूस आपल्याकडे बघतं, आपण त्याच्याकडे. पाठमोरं माणूस आपल्याला आपल्या जागेवरून उचलून स्वतःच्या जागी नेऊन उभं करतं. जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिश याने १८२२ मध्ये आपल्या बायकोला असंच खिडकीशी पाठमोरं रंगवलं होतं. ते चित्र बर्लिनला आहे, शेजारी ठेवून बघा. तिथे खोली अंधारी आहे आणि बाहेर काय आहे ते पुरतं दिसत नाही. दालीने मात्र समुद्रच घरात आणलाय. खोलीतले पडदेही निळे, कपड्यांच्या सावल्याही निळ्या.

आठ चिमुकली चित्रं

आता तो दुमडलेला ए-फोर कागद. आठही आयतांत हेच चित्र काढायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. पहिल्या दोनांत फक्त सरळ रेघा: कट्ट्याची आडवी, खिडकीच्या चौकटीच्या उभ्या, क्षितिजाची. पुढच्या दोनांत मुलीची आकृती आत न रंगवता एकच काळा ठसा म्हणून. नंतरच्या दोनांत फक्त तीन टोन: उजळ, मध्यम, गडद. कृष्णधवल प्रतीकडे डोळे बारीक करून बघा. शेवटचे दोन मोकळे ठेवा, ते रंगांसाठी.

लहान शहरातल्या चित्रकलेच्या वर्गांत मी बरीच वर्षं शिकवतोय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सवयीने मुलं एकदम मोठ्या कागदावर आउटलाइन सुरू करतात आणि कपड्याच्या चुणीत अडकतात. चिमुकल्या आयतात चुणी मावतच नाही, म्हणून तोल दिसतो.

खिडकी आधी, मुलगी नंतर

ए-थ्री बोर्डच्या चारही बाजूंचे चार-चार समान भाग करून फिक्या रेघांनी जोडा. सोळा खाने होतात. संदर्भ-प्रतीवरही तेच करा. प्रत्येक खाना पुन्हा त्याच गुणोत्तराचा असल्यामुळे नजरेला मापं चटकन लागतात.

पहिल्यांदा कट्टा आणि चौकट आखा. पट्टीने, मोजून. मग खिडकीच्या झडपा आखायला घ्या. उजवीकडे आत उघडलेली झडप आहे, तिच्या काचेत बाहेरचा देखावा उतरलाय. ती आखून झाली की सवयीने हात डावीकडची झडप आखायला जातो. इथे थांबा आणि मूळ चित्रात बघा. डावीकडे पडदा आहे. झडप नाही.

मी पहिल्यांदा ही कॉपी करायला घेतली तेव्हा याच ठिकाणी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसून राहिलो होतो. त्याआधी हे चित्र मी कितीतरी वेळा छापील पाहिलं होतं आणि कधीच काही खटकलं नव्हतं. दोन झडपांची खिडकी, त्यातली एक चित्रकाराने गायब केली, आणि चित्र इतकं ठाम आहे की डोळ्यांनी तक्रारच केली नाही. का केली असेल? माझा तर्क सांगतो. कागदाच्या कपट्यावर डावी झडप रंगवा आणि ती चित्राच्या प्रतीवर ठेवून बघा. चौकटीच्या पट्ट्या आणि काच यांनी तो कोपरा भरून जातो, मुलीच्या खांद्यांची मोकळी हवा जाते, आणि दोन्हीकडून झडपांत धरल्यासारखी ती कोंडलेली वाटते. झडप काढली की ती मोकळी होते. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, दाली अतिवास्तववाद्यांत सामील झाला, आणि अशक्य गोष्टी खऱ्यासारख्या रंगवण्यासाठी जगभर गाजला. त्याचं बीज मला या नसलेल्या झडपेत दिसतं. सचोटीने मोजलेल्या ९९ रेघांच्या जोरावर शंभरावी रेघ पुसली तरी कुणाला कळत नाही, हे त्याला २१व्या वर्षी उमगलं होतं.

म्हणून कॉपीत झडप 'दुरुस्त' करू नका.

आकृतीचा तोल

आता मुलगी. बाह्यरेषेने सुरुवात करू नका. नट बांधलेला दोरा संदर्भ-प्रतीसमोर धरा आणि मानेच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो खाली कुठे येतो? कमरेच्या कुठल्या बाजूने जातो, आणि कोणत्या पायाजवळ? हीच उभी रेघ बोर्डवर फिकी काढा. मग खांद्यांची तिरकी रेघ आणि नितंबांची तिरकी रेघ. एका पायावर शरीराचा भार आहे, दुसरा गुडघ्यात सैल सोडलाय, आणि वरचा भार कोपरांतून कट्ट्याने घेतलाय. आपल्या मूर्तिशास्त्रात किंचित बाक असलेल्या उभ्या ठेवणीला आभंग म्हणतात. ते डोळ्यांत असेल तर हा बाक लगेच सापडेल.

भार कुठे आहे हे शरीराला कळल्याशिवाय हाताला कळत नाही. म्हणून उठा, स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही कोपरं टेकून पाच मिनिटं तसेच उभे राहा. पाठीचा कुठला स्नायू ताणतो, कुठला पाय आधी दमतो, लक्ष द्या. आना मारिया अशी तासन् तास उभी राहत असे.

यानंतर मोकळ्या जागांचे आकार. हात आणि कंबर यांच्यामधला तुकडा, कट्टा आणि पोट यांच्यामधला, दोन पायांमधला. हे तुकडे स्वतंत्र आकार समजून काढा. ते बरोबर आले की आकृती आपसूक बरोबर येते. प्रत्येक तुकड्याची उंची-रुंदी पेन्सिलीने मोजा. केस सध्या नुसत्या एका ठशाएवढे ठेवा.

निळे पाच

रंगात सगळ्यात जास्त चूक निळ्यातच होते. मीही पहिल्या वेळी ट्यूबमधला अल्ट्रामरीन पांढऱ्यात मिसळून सगळीकडे वापरला. पडदा, समुद्र, कपडा, सावली एकाच पातळीवर आले आणि मुलगी भिंतीला चिकटली. ते चित्र मी पुन्हा जेसोने झाकलं.

आता मी रंगवायच्या आधी पाच निळे वेगवेगळ्या वाट्यांत कालवून ठेवतो. पहिला, पडद्यांचा: अल्ट्रामरीनमध्ये पांढरा आणि बर्न्ट सिएनाचा कणभर, म्हणजे जांभळटपणाकडे झुकणारा, थोडा राखाडी. दुसरा, पाण्याचा: सेरुलियन, पांढरा, यलो ऑकरचा अगदी थेंब. तिसरा, आकाशाचा: दुसराच, पण दुप्पट पांढरा घालून. चौथा, कपड्याच्या सावलीचा: पहिल्यापेक्षा फिका आणि थंड. पाचवा, खोलीच्या भिंतीचा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ समसमान आणि भरपूर पांढरा. निळा आहे असं वाटणार नाही, पण बाकीच्या निळ्यांशेजारी तो निळ्याच घरचा दिसतो. प्रशियन फक्त गडद चुण्यांसाठी, टाचणीच्या टोकाएवढा. त्याची ताकद फार.

ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून पाचही निळ्यांचे पट्टे वेगळ्या कागदावर ओढा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच संदर्भाशी ताडून बघा. राहिलेल्या दोन चिमुकल्या आयतांत हे पाच निळे सपाट भरा. ती चित्रं दोन हातांवरून बघितल्यावर मुलगी पुढे येत असेल तर मोठ्या बोर्डकडे जा. नसेल येत, तर पाचवा निळा बदला. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

रंगवण्याचा क्रम

दूरून जवळ या: आकाश, टेकड्या, पाणी, मग चौकट, पडदे, भिंत, जमीन, आणि शेवटी मुलगी. पाण्यावर आडवे, लांब, एकाच वजनाचे हात मारा. लाटा रंगवायच्या नाहीत. होडक्याचं शीड एकाच फटकाऱ्यात, आणि त्याला परत हात लावायचा नाही.

काचेतलं प्रतिबिंब जपून करा. बाहेरच्या देखाव्याचेच रंग, पण थोडे राखाडी आणि थोडे कमी उजळ. ते बाहेरच्याइतकंच स्वच्छ केलं तर काच नाहीशी होऊन भोक दिसतं.

कपडा रंगवताना प्रत्येक चुणीला विचारा, ती कुठून ओढली गेलीय. चुणी नेहमी ताणाच्या जागेपासून निघते: खांदा, कंबर, भार असलेली बाजू. मनाने घातलेली चुणी ओळखू येते, ती कुठूनच निघत नाही. आधी मधला टोन सपाट, मग सावली, आणि उजळ भाग सर्वांत शेवटी, थोडक्या जागी. कडा सगळ्या सारख्या धारदार नकोत. खांद्यामागे पाणी आहे तिथे कडा स्वच्छ, खाली सावलीत जरा मऊ.

केस अगदी शेवटी. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद मिश्रण-रंग सपाट भरा, वर दोन-तीन वळणं उजळ करा. ब्रशने एकेक केस काढला की डोकं टोपीसारखं दिसतं.

रोज दीड तास धरला तर रेखाटनाला तीन दिवस आणि रंगाला सहा-सात दिवस लागतात. दर बैठकीनंतर बोर्ड आरशात बघा. उलटं चित्र कललेली आकृती लगेच दाखवतं.

नंतर, आपली खिडकी

कॉपी पूर्ण झाल्यावर आठवडाभर ती भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी आपल्या खिडकीशी पाठमोरं उभं करा. वीस मिनिटं उभं राहणं, दहा मिनिटं विश्रांती. पायांच्या जागी जमिनीवर खडूने खुणा करा, म्हणजे परत उभं राहताना तीच ठेवण मिळते. बाहेर समुद्र असायला हवा असं काही नाही, समोरच्या इमारतीची गच्ची चालते. ज्यांना माद्रिदला जाणं जमेल त्यांनी कॉपी झाल्यावर जावं, आधी नाही. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

बहीण-भावाचं पुढे बिनसलं. १९२९ नंतर दालीच्या चित्रांत गाला, त्याची पुढे झालेली बायको, आली, वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं, आणि १९४९ मध्ये आना मारियाने भावाविषयी पुस्तक लिहिलं तेव्हा तो प्रचंड चिडला. हे मी कॉपी करणाऱ्यांना आधी सांगत नाही. चुण्या रंगवून झाल्यावर सांगतो. तोवर त्यांनी त्या पाठीकडे इतके तास बघितलेलं असतं की ते ऐकून गप्प होतात.

राहिलं एक काम. दाली १९८९ मध्ये गेला, आणि भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०४९ संपेपर्यंत. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेली कॉपी घरात ठेवा, विकू नका, छापू नका. बोर्डच्या मागे पेन्सिलीने लिहा: 'साल्वादोर दालीच्या १९२५च्या चित्रावरून, अभ्यासासाठी', खाली आपलं नाव, तारीख, आणि माप १ : २.५.